सेवापुस्तकातल्या दोन बायका

एकाच सेवापुस्तकात दोन बायकांची नावं आहेत. दोघींच्या नावापुढे नातं ‘पत्नी’ असंच लिहिलंय आणि दोन्ही नोंदींवर कार्यालयाचा गोल शिक्का आहे. पहिली नोंद १९९५ सालची, निळ्या शाईतली. दुसरी २००९ ची. दुसरीच्या खाली ‘पडताळले’ लिहून ज्याने आद्याक्षरं केली तो लिपिक म्हणजे मी.

काय पडताळलं होतं? काहीच नाही. सहाव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती चालू होती, टेबलावर सेवापुस्तकांचे गठ्ठे होते. हा माणूस नवा नमुना ३, म्हणजे कुटुंबाच्या तपशिलाचा फॉर्म, भरून घेऊन आला. त्याच्या घरी मी जेवलो होतो, त्याच्या धाकट्या मुलीच्या बारशाला अख्खं कार्यालय गेलं होतं. ‘पहिलीचं काय झालं, कोर्टाचा हुकूम आहे का’ असं विचारणं मला असभ्यपणाचं वाटलं. त्या सभ्यपणाची किंमत पुढे दोन बायकांनी मोजली, म्हणून हे प्रकरण लिहून काढतोय. माणसं ओळखू येऊ नयेत एवढ्यासाठी गाव, हुद्दा, सालं आणि रकमा थोड्या इकडच्या तिकडे केल्या आहेत. कायदा आहे तसाच ठेवलाय.

माणूस पाटबंधारे खात्यातला, कालव्यावरचा. १९९३ ची नेमणूक, त्यामुळे जुनी पेन्शन लागू. (राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांचं गणित वेगळं, ते इथे नको.) नोकरी लागल्यावर वर्षभरात लग्न, मग एक मुलगी. मुलगी तीन वर्षांची असताना बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. कारणं दोन्हीकडची वेगळी ऐकली, दोन्ही पटण्यासारखी. पुढे दोन्हीकडचे चार-चार लोक बसले, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर फारकत लिहिली गेली. ‘आजपासून एकमेकांवर कसलाही हक्क राहिला नाही, दोघेही दुसरं लग्न करण्यास मोकळे आहेत’, खाली सह्या, अंगठे, साक्षीदार. पन्नास हजार रुपये आणि लग्नात दिलेली भांडी परत. गावाच्या लेखी विषय संपला.

चारेक वर्षांनी त्याने दुसरं लग्न केलं. देवळात, हार घालून, दोन्हीकडची माणसं हजर. त्या बाईला आधीचं लग्न माहीत होतं. फारकतीचा कागदही तिच्या वडिलांनी मागून घेऊन वाचला होता. याला फसवणूक म्हणता येत नाही. कागद झालाय म्हणजे मोकळीक झाली, असं त्या घरात सगळ्यांनाच मनापासून वाटत होतं. तिलाही एक मुलगी झाली.

२०२१ साली माणूस नोकरीत असताना गेला. वय त्रेपन्न. मागे राहिली म्हातारी आई, माहेरी बसलेली पहिली, घरात असलेली दुसरी, पहिलीची लग्न झालेली मुलगी आणि दुसरीची सतरा वर्षांची मुलगी. पाचही बायका.

पहिली दहाव्याला आली. बसली, सासूच्या गळ्यात पडून रडली, चहा न घेता गेली. महिन्याभरात तिचा अर्ज कार्यालयात आला, सोबत लग्नाची पत्रिका, जुना फोटो आणि १९९५ च्या नोंदीची नक्कल. दुसरीचा अर्ज त्याआधीच आलेला होता. तिच्याकडे रेशनकार्ड, आधार, मतदार ओळखपत्र, मुलीचा शाळेचा दाखला, सगळ्यावर नवऱ्याचं नाव, आणि शिवाय २००९ चा माझ्या आद्याक्षरांचा नमुना.

मी तोवर सेवानिवृत्त झालो होतो. दुसरी माझ्याच घरी आली. म्हणाली, “काका, तुम्हीच तर नोंद घेतली होती. आता म्हणतात कोर्टातून वारस दाखला आणा. मी अठरा वर्षं काय केलं मग?”

तिला त्या दिवशी मी खरं सांगितलं नाही. चौकशी करतो म्हणालो. खरं काय ते तेव्हाही मला ठाऊक होतं.

हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ ची पहिली अट अशी की लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणाचाही जोडीदार हयात नसावा. अट मोडली तर कलम ११ प्रमाणे ते लग्न शून्य. शून्य म्हणजे रद्द करावं लागणारं लग्न नव्हे, तर कायद्याच्या नजरेत झालंच नाही असं लग्न. आणि पहिलं लग्न मोडायचं तर न्यायालयाचा हुकूम लागतो. स्टॅम्पपेपर शंभराचा असो की पाचशेचा, नोटरीने त्यावर कितीही शिक्के मारोत, त्याने लग्न मोडत नाही. एक वाट कायद्याने ठेवली आहे: कलम २९ मध्ये रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवलाय. आपल्याकडे कित्येक समाजांत काडीमोड होती, फारकत होती, पाट लागत होते, हे खरंच आहे. पण ‘आमच्यात असं चालतं’ एवढं म्हणून भागत नाही. ती रूढी त्या समाजात जुनी, सलग आणि निश्चित आहे हे दाव्यात स्पष्ट मांडून पुराव्याने सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे पुन्हा बजावलं आहे. आमच्या प्रकरणात समाजाच्या पंचायतीची वही नव्हती की मागची उदाहरणं सांगणारा जाणता माणूस नव्हता. वकिलाने दोन म्हातारे उभे केले. दोघांनी आपापल्या आठवणीतली वेगवेगळी पद्धत सांगितली.

दीर्घ सहवासावरून लग्न गृहीत धरता येतं, असा एक मुद्दा बाहेरून ऐकीव म्हणून येतो. तो खरा आहे, पण त्यालाही तीच अट. पहिली बायको हयात आणि लग्न कायम असल्याचं समोर आलं की ते गृहीतक तिथेच संपतं.

मग पेन्शनीचा नियम. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यातला नियम ११६ हा कुटुंब निवृत्तिवेतनाचा. त्यात एक वाक्य आहे ज्याने कितीतरी बायकांना वर्षानुवर्षं आशेवर ठेवलंय: एकापेक्षा अधिक विधवा असतील तर निवृत्तिवेतन त्यांना समान हिश्शांनी द्यावं. दुसरीच्या वकिलाने हेच वाक्य लाल पेनाने अधोरेखित करून आणलं होतं. वाचणाऱ्याला वाटतं, सरकारच म्हणतंय की दोन बायका असू शकतात, मग अर्धं तरी द्या.

पण इथे विधवा म्हणजे कायद्याने जी बायको होती तिच. ज्यांच्या व्यक्तिगत कायद्यात एकापेक्षा जास्त विवाह वैध आहेत त्यांच्यासाठी, उदाहरणार्थ मुस्लिम कर्मचाऱ्याच्या दोन विधवांसाठी, हे वाक्य अगदी सरळ लागू पडतं. जुन्या काळी, बंदी येण्यापूर्वी झालेल्या दुहेरी लग्नांसाठीही पडत होतं. जुन्या मुंबई प्रांतात तर ही बंदी १९४६ च्या कायद्यानेच आली होती, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हिंदू कर्मचाऱ्याच्या दुसऱ्या बायकोचं काय यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या निरनिराळ्या खंडपीठांनी उलटसुलट निकाल दिले होते. कुठे अर्धा हिस्सा मिळाला, कुठे काहीच नाही. शेवटी प्रश्न औरंगाबादला पूर्णपीठापुढे गेला आणि २०१९ मध्ये उत्तर आलं: पहिलं लग्न कायम असताना झालेलं दुसरं लग्न शून्य असेल तर त्या बाईला नियम ११६ खाली कुटुंब निवृत्तिवेतन मागता येणार नाही. आमच्या माणसाच्या मृत्यूच्या दोन वर्षं आधी हे दार बंद झालं होतं.

नावाची नोंद? तिने हक्क तयार होत नाही. नमुना ३ ही कर्मचाऱ्याने दिलेली माहिती. कार्यालयाने शिक्का मारला म्हणून लग्न लागत नाही. माझ्या आद्याक्षरांची किंमत शून्य होती. हे कळल्यावर मला हायसं वाटलं की वाईट, हे अजून नीट सांगता येत नाही.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल की पहिली जिंकली, दुसरी हरली. पण मेलेल्या माणसाच्या मागे येणारा पैसा एका थैलीत नसतो. कुटुंब निवृत्तिवेतन वेगळं, ग्रॅच्युइटी वेगळी, बँकेतली शिल्लक आणि घर वेगळं, विमा वेगळा. प्रत्येकाचा नियम वेगळा, आणि प्रत्येकाची ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्याही वेगळी. भांडणं बहुतेक वेळा एका थैलीचा नियम दुसऱ्या थैलीला लावल्याने होतात.

दुसरीची मुलगी घ्या. आईचं लग्न शून्य असलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मूल औरसच. बिहार सरकारच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं की अशा दुसऱ्या बायकोला काही मिळणार नाही, पण तिच्या मुलांना ग्रॅच्युइटीत आणि, सज्ञान होईपर्यंत, कुटुंब निवृत्तिवेतनातही वाटा आहे. केंद्र सरकारने २०१२ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तसं परिपत्रकच काढलं. आमच्या फाइलीत या निकालाची प्रत लागली आणि तिथून प्रकरणाला वळण मिळालं. दुसरीचा स्वतःच्या नावाचा अर्ज मागे घेतला, मुलीच्या नावाने अज्ञान पालनकर्ती म्हणून नवा दिला. तिला हे समजावणं सगळ्यात अवघड गेलं. “म्हणजे मी तिची आई आहे हे चालतं, पण त्याची बायको होते हे चालत नाही?” हो, असंच होतं. यावर दुसरं काही बोलता आलं नाही.

कार्यालयाने मागितलेला वारस दाखला म्हणजे तलाठ्याचा नव्हे. तलाठ्याचा पंचनामा फेरफाराला चालतो. इथे लागतो तो दिवाणी न्यायालयाचा, १८२७ च्या मुंबई विनियम आठ खालचा. दोनशे वर्षांपूर्वीचा कंपनी सरकारच्या काळातला विनियम अजून आपल्या तालुक्याच्या कोर्टात रोज वापरला जातो. अर्ज पहिलीने केला, जाहीर नोटीस निघाली, दुसरीने मुलीतर्फे हरकत घेतली, प्रकरण वादग्रस्त झालं. दीड वर्ष गेलं. तेवढ्या काळात कुणालाही एक रुपया मिळाला नाही आणि दुसरीच्या मुलीचं बारावीनंतरचं पहिलं वर्ष वाया गेलं.

त्या दीड वर्षात दोन्ही घरांना एक तडजोड सुचवली गेली. सुचवणारा गावातलाच, बोलायला गोड. पहिलीने ग्रॅच्युइटी आणि इतर एकरकमी पैसे घ्यावेत, महिन्याची पेन्शन दुसरीने घ्यावी. स्टॅम्पवर लिहून देऊ. दोघीही तयार होत्या. पहिलीला मुलीच्या लग्नाचं कर्ज फेडायचं होतं, दुसरीला दरमहा चूल पेटवायची होती. माणूसपणाने पाहिलं तर इतकं चांगलं वाटप कुठलाही न्यायाधीश करून देणार नाही.

पण तो कागद मी होऊ दिला नाही. सोलापूरकडच्या अगदी अशाच एका प्रकरणाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ च्या सुरुवातीला दिला होता आणि तो मी नुकताच वाचला होता. तिथेही दोघींनी आपसात असंच ठरवलं होतं, पहिलीने एकरकमी पैशांचा मोठा भाग घेतला, पुढे पहिली वारली. दुसरीने पेन्शन मागितली. सरकारने वर्षानुवर्षं तिचे अर्ज नाकारले आणि शेवटी न्यायालयानेही, कारण लग्नच शून्य. म्हणजे तिच्या वाट्याचं जे द्यायचं ठरलं होतं ते देण्याचा अधिकार पहिलीला नव्हता आणि सरकारला तो करार बंधनकारक नव्हता. १८७१ चा पेन्शन कायदाही हेच सांगतो: पुढे मिळायच्या पेन्शनीबद्दल हक्कदाराने केलेला करार किंवा हस्तांतर निरर्थक. पहिलीने पेन्शन हातात आल्यावर स्वखुशीने कुणाला काही दिलं तर तो तिचा प्रश्न. आजच्या सहीने उद्याची पेन्शन बांधता येत नाही. मृत्युपत्रानेही येत नाही, कारण कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ताच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रेल्वेच्या एका प्रकरणात म्हटलंय.

दाखला आला. आता हिशेब.

हिशेबाला सोपं म्हणून शेवटचं मूळ वेतन ५६,००० धरू. नोकरीत मृत्यू म्हणून सुरुवातीची ठरावीक वर्षं कुटुंब निवृत्तिवेतन निम्म्या दराने, म्हणजे २८,००० अधिक महागाई भत्ता. नंतर ३० टक्के, म्हणजे १६,८००. यातला निम्मा पहिलीला, निम्मा दुसरीच्या मुलीला, तिची पात्रता संपेपर्यंत. त्यानंतर सगळं पहिलीकडे. मधल्या काळाची थकबाकीही त्याच प्रमाणात.

ग्रॅच्युइटीला नामनिर्देशन होतं, तेही दोन. १९९५ चं पहिलीच्या नावे. २००९ मध्ये त्याने ते लेखी रद्द करून शंभर टक्के दुसरीच्या नावे केलं होतं. कुटुंब असलेल्या कर्मचाऱ्याने कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीच्या नावे केलेलं नामनिर्देशन टिकत नाही, आणि दुसरी नियमाच्या व्याख्येतल्या कुटुंबात बसत नव्हती. मग जुनं आपोआप जिवंत होतं का? यावर कार्यालयात दोन मतं होती. पहिलीच्या वकिलाचं म्हणणं, नवं कोसळलं तर जुनं उभं राहिलं. लेखाशाखेने मानलं की जुनं त्याने स्वतः रद्द केलं, ते रद्दच, नवं अवैध, म्हणजे नामनिर्देशन नाही असं समजून कुटुंबात समान वाटा. मला हे मत बरोबर वाटलं, पण उलट मत मांडणाराही मूर्ख नव्हता.

समान वाटा कुणाकुणात? इथे पहिलीच्या मुलीला धक्का बसला. ग्रॅच्युइटीच्या यादीत पहिल्या रांगेत पत्नी, मुलगे, अविवाहित मुली. लग्न झालेली मुलगी आणि मृताची आई त्यांच्या मागच्या रांगेत. पुढच्या रांगेत कुणी असेल तर मागच्यांना काही नाही. म्हणजे पैसे दोघींत: पहिली आणि दुसरीची मुलगी. जी लेक फारकतीच्या दिवशी आईच्या मांडीवर होती तिला बापाच्या ग्रॅच्युइटीतला एक पैसा नाही. ती कार्यालयाच्या व्हरांड्यात मला म्हणाली, “लग्न केलं म्हणून मी त्यांची मुलगी राहिले नाही का?” तिचा नवरा तिला बाजूला घेऊन गेला.

बँकेतली शिल्लक, ठेव आणि गावातलं घर मात्र हिंदू उत्तराधिकार कायद्याने जातं, आणि तिथे रांग वेगळी: विधवा, आई, दोन्ही मुली, चौघींना सारखा चौथा हिस्सा. इथे म्हातारी आली, थोरली लेकही आली. ठेवीवर नॉमिनी दुसरी होती. नॉमिनी म्हणजे पैसा बँकेकडून घेणारा हात, मालकी वारसांची. ती रक्कम तिने मोजून चार भागांत दिली, कुणी मागायच्या आधी. विम्याची एक छोटी पॉलिसी होती, तिचा नॉमिनीही तीच. ती रक्कम तिने घेतली आणि त्यावर कुणी हरकत घेतली नाही. पहिलीला मी विचारलं तर म्हणाली, “राहू द्या, तिने त्याचं आजारपण काढलं.”

अनुकंपा नोकरीचा प्रश्न मुलीच्या वयाने आपोआप पुढे गेला. दुसऱ्या लग्नाच्या अपत्याला केवळ त्या कारणाने अनुकंपा यादीतून वगळता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ च्या डिसेंबरमधला निकाल. मुलगी सज्ञान झाल्यावर तिचा अर्ज गेला. त्यासाठी बाकीच्या वारसांची ना-हरकत लागली. पहिलीने सही केली. थोरल्या मुलीने तीन महिने लावले, पण केली. यादीत नाव आहे. यादी हलेल तेव्हा हलेल.

आता दुसरी बाजू, जी मला या प्रकरणाने शिकवली आणि जी बऱ्याच सल्लागारांना नको असते. लोक मला म्हणतात, जिने पंचवीस वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही तिला पेन्शन, आणि जिने त्याची उशी बदलली तिला काही नाही, हा काय न्याय? मीही सुरुवातीला तसंच म्हणत होतो. मग पहिलीच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. भावाच्या घराच्या मागच्या खोलीत ती राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. फारकतीच्या पन्नास हजारांनंतर तिला नवऱ्याकडून पोटगी मिळाली नाही. मागितलीही नाही, कारण कागदावर ‘कसलाही हक्क नाही’ असं लिहून दिलं होतं आणि तिने ते खरं मानलं. मुलगी तिने एकटीने वाढवली. कोर्टात रीतसर घटस्फोट झाला असता तर तिला पोटगी ठरली असती, मुलीचा खर्च ठरला असता. तो स्टॅम्पपेपर दोघींनाही फसवून गेला. एकीला बायको असून पोटगी दिली नाही, दुसरीला संसार असून बायको होऊ दिलं नाही. नवऱ्याचं मात्र तो जिवंत असेपर्यंत काहीच अडलं नाही.

आणि त्याच्या हातात वेळ होता. वेगळं राहून वर्ष झालं असेल तर परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज करता येतो, कलम १३ ब. पुढचे सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात न्यायालय शिथिल करू शकतं, हेही २०१७ पासून स्पष्ट आहे. त्याच्याकडे त्यासाठी वीस वर्षं होती. फक्त एक बारकावा, जिथे हुशार माणसंही घसरतात: हुकूम मिळाला म्हणून आधी झालेलं दुसरं लग्न वैध होत नाही. शून्य लग्नाला मागाहून जीव येत नाही. हुकुमानंतर पुन्हा लग्न लावावं लागतं, भले तीन साक्षीदारांसमोर विवाह नोंदणी कार्यालयात, आणि मग त्या तारखेचा दाखला सेवापुस्तकात लावावा लागतो. पोरगी आठवीत असताना आईबापांनी लग्न करायचं, लोक काय म्हणतील? लोक आता जे म्हणतात त्यापेक्षा कमीच म्हणाले असते.

‘न्यायालयीन विभक्तता’ हा शब्द काही जण घटस्फोटाच्या जागी वापरतात. तो घटस्फोट नव्हे. लग्न कायम राहतं आणि, व्यभिचाराच्या कारणावरून ती मिळालेली नसेल तर, पेन्शनीच्या नियमात अशी बायको किंवा नवरा कुटुंबातच धरला जातो.

घटस्फोट होत नसेल, तर निदान मृत्युपत्र. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरी. स्वकष्टाचं घर आणि ठेवी तो दुसरीला पूर्ण देऊ शकला असता. पेन्शन तिला गेली नसती, पण डोक्यावरचं छप्पर तिच्या नावावर झालं असतं. नमुना ३ भरायला तो माझ्याकडे आला त्या दिवशी मी ‘हुकूम आहे का’ एवढं विचारलं असतं, तर कदाचित यातलं काही झालं असतं. कदाचित नसतंही. तो टाळणारा माणूस होता.

केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांबाबत एक वेगळी सोय झाली आहे. नवऱ्याविरुद्ध घटस्फोटाचा दावा किंवा कौटुंबिक हिंसाचार, हुंडा यांखालची तक्रार प्रलंबित असेल तर आपल्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन नवऱ्याआधी मुलांना द्यावं, असं ती लेखी कळवू शकते. हे १ जानेवारी २०२४ चं परिपत्रक. खासगी नोकरीतल्यांनी मात्र कर्मचारी पेन्शन योजना १९९५ ची व्याख्या बघावी. तिथेही ‘पत्नी’ म्हणजे कायदेशीर पत्नी, आणि कुटुंब असताना बाहेरच्या कुणाचं नाव घालून उपयोग होत नाही. भविष्य निर्वाह निधीत तर लग्न झालं की आधीचं नामनिर्देशन आपोआप बाद होतं, हे पगारपत्रक करणाऱ्यांनाही कित्येकदा ठाऊक नसतं.

गेल्या वर्षी घराचा फेरफार झाला. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला आता चार नावं आहेत: म्हातारी, पहिली आणि दोन्ही मुली. घरात राहते दुसरी, म्हातारीला सांभाळत. घरपट्टीची पावती तीच भरते. पावतीवर ‘हस्ते’ असं लिहून तिचं नाव येतं. म्हातारी म्हणते, माझा चौथा हिस्सा हिच्या नावे करा. मी बक्षीसपत्राचा मसुदा लिहून दिलाय. दुय्यम निबंधकाकडे जायचं तर म्हातारीला जीप करावी लागेल, आणि ती म्हणते, थोरल्या सुनेला विचारल्याशिवाय मी अंगठा देणार नाही.